तोफ, गोगलगाय आणि दाराजवळच्या गाई

१

कानफाटी मेली होती. थोरली कोमट पाण्याची बादली घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहिली, आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता हे पाणी कुणाला पाजायचं.

रडू नंतर आलं, आणि तेही धड आलं नाही. माणूस आठवडाभर रडायच्या तयारीत राहिलं की ऐन वेळेला डोळे कोरडे पडतात. आधी शिंगमोडी गेली होती. आता ही. आणि शेजारी मखमल उभी होती. उभी म्हणजे कशी, तर पुढचे दोन्ही पाय गव्हाणीच्या पायरीवर चढवून, पाठीची कमान करून, कोपरं बाहेर काढून. जणू कुणाच्या खांद्यावरून पलीकडे डोकावतेय.

"तू तरी खाली उतर गं बाई," थोरली म्हणाली. "हौद उतारावर आहे, तो काही वर चढून तुझ्याकडे यायचा नाही."

मखमल उतरली नाही. ती आताशा हौदाकडे जातच नव्हती. बादली तोंडाशी नेली तर प्यायची. कानफाटीचं पाणी तिने संपवलं.

थोरलीने तिच्याखाली कोरडं करायला घेतलं. कमरेला हात गेला, पण सुतळ्या कापायचं तिचं पातं आठवडाभर सापडत नव्हतं. स्वयंपाकघरातली सुरी आणली, गठ्ठ्याची सुतळी कापली, सुरी पुढच्या गठ्ठ्यात खोचली, आणि दोन्ही हातांनी पेंढा उसवत बसली. पातं कुणी नेलं असेल हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिराशी तिचं तेव्हा धड बोलणंच नव्हतं, म्हणून विचारलं नव्हतं इतकंच.

तोच दीर दारात येऊन उभा राहिला. मेलेल्या गाईकडे त्याने पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"वहिनी, दुपारी व्यापारी येतोय. ट्रक घेऊन."

"कशाला?"

"ज्या उभ्या आहेत त्या उभ्या असेपर्यंत द्यायच्या. आईला विचारलंय. ती काही बोलली नाही."

"न बोलणं म्हणजे हो नव्हे, भाऊजी."

"मग तुम्ही जाऊन बोलतं करा तिला," तो म्हणाला. "माझ्याच्याने रोज एक खड्डा खणवत नाही."

२

या सगळ्याची सुरुवात एका खोकल्यापासून झाली होती.

थोरलीचा नवरा लहानपणापासून त्या गोठ्यात पेंढा अंथरत आला होता. हातातला लांब दांड्याचा काटा फिरवून तो असा पसरायचा की गाय आपण होऊन बसावी. त्या काळी तोंडाला फडकं बांधणारा माणूस लोकांना नाजूक वाटायचा. पेंढ्याची धूळ आणि तिच्यातली बुरशी वर्षानुवर्षं छातीत गेली, आणि एक दिवस छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता गोठ्याची पायरी चढायची नाही. तेव्हापासून तो गोठ्याकडच्या खिडकीशी बसून असायचा. काचेआडून धड दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. कुठली गाय उठली, कुठली हौदावर गेली, ते तो खुरांच्या आवाजावरून सांगायचा आणि कधी चुकायचा नाही.

थोरली आणि दीर, दोघांच्या हातांनी एवढ्या गाईंचं अंथरूण होईना. ओल्यात बसून गाईंच्या कासा सुजायला लागल्या. यंत्र घ्यायलाच हवं होतं. यंत्र नाही तर गोठा नाही, आणि गोठा नाही तर खिडकीशी बसलेल्या माणसाला ऐकायला काही उरणार नाही, हे थोरलीला नुसतं कळत नव्हतं, रात्रंदिवस टोचत होतं.

त्या दिवसांत यंत्रं विकणारी माणसं यंत्र घेऊन दारात यायची, चालवून दाखवायची आणि आठवडाभर ठेवून जायची. अशी दोन यंत्रं आली. एक लाल, मोठ्या पंख्याचं. पोटात गठ्ठा टाकला की तो कुटून, कापून, नळीतून पार दुसऱ्या टोकापर्यंत फेकणारं. त्याला घरात तोफ म्हणायला लागले. दुसरं हिरवं, बुटकं. पट्ट्यावरून पेंढा हळूहळू पुढे आणून बाजूला सांडत जाणारं. ती गोगलगाय.

दिराला तोफ हवी होती. "एक माणूस, एक बटण, काम खल्लास. गोगलगाय कोपऱ्यावर वळतच नाही. बाबांनी बांधलेला गव्हाणीचा कोपरा मी फोडू देणार नाही."

थोरलीला गोगलगाय हवी होती. तिची धूळ उडत नव्हती. तोंडावर फडकं बांधून का होईना, नवरा एखाद्या दिवशी आत येऊ शकला असता. हे कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला गेली की आवाज फुटायचा.

म्हणून गोठा निम्मा निम्मा वाटून दोन्ही यंत्रं एकाच दिवशी चालवून पाहिली. तोफ दाराकडून डाव्या रांगेत, गोगलगाय उजव्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत शिंगमोडीने खाणं सोडलं. तरुण डॉक्टर येऊन पोटफुगीचं इंजेक्शन देऊन गेला. शिंगमोडी गेली. मग कानफाटी. सगळ्या आजारी गाई डाव्या रांगेतल्या होत्या.

"तोफेनं मारल्या," थोरली म्हणाली होती.

"तोफ बदनाम व्हावी असं कुणाला वाटत होतं, तेही बघा," दीर म्हणाला होता. तेव्हापासून बोलणं बंद.

आता ट्रक येणार होता. थोरलीने शेजारच्या घरातून फोन केला, तो गुरांच्या जुन्या डॉक्टरबाईंना. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "मेलेल्या गाईला कुणालाही हात लावू देऊ नकोस. आणि दोन्ही यंत्रवाल्यांना बोलावून घे."

"त्यांना कशाला? त्यांच्यातल्या कुणी...?"

फोन ठेवलेला होता.

३

डॉक्टरबाई गोठ्यात शिरताना गाईला "येऊ का?" असं विचारायच्या. ही त्यांची जुनी सवय. माणसांना मात्र त्या काहीच विचारून शिरत नसत.

त्यांनी मखमलच्या खांद्यामागची कातडी चिमटीत धरून जोरात ओढली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली दाबते. मखमलने पाठ दाबली नाही, ती घशातून कण्हली. बाईंनी मान हलवली, बादली उलटी घातली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चला, एकेक जण या. रेशनच्या रांगेसारखं सगळे अंगावर नका येऊ."

पहिला तोफवाला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"माझ्या यंत्राचा काही संबंध नाही, मॅडम. संशय घ्यायचा तर त्याच्यावर घ्या." त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "माझं दाखवून झाल्यावर हे गृहस्थ दाराजवळच्या गाईंच्या पायांत वाकून काहीतरी करत होते. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"कानांनी कोण पाहतं? बरं, गठ्ठे कुणी टाकले यंत्रात?"

"मीच. ढिगातले पुढचे पुढचे घेतले. माझ्या घडीच्या सुरीने सुतळ्या कापल्या आणि ढकलले."

"यंत्र नीट चाललं?"

"लोण्यासारखं."

गोगलगायवाला वयस्कर, जाडजूड, घामेजलेला. अंगठ्याला पट्टी.

"वाकलो होतो, नाही कशाला म्हणू? त्याच्या तोफेतून पेंढ्याचा किती भुगा होतो ते बघायला मूठभर उचलला. धंद्यात चालतं एवढं."

"अंगठ्याला काय झालं?"

"तेव्हाच कापलं. पेंढ्यानं."

"पेंढ्यानं? पट्टी तर चांगली जाड आहे."

"बायकोने बांधलीय. ती जाडच बांधते," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून मापाचा अंदाज घेते बहुतेक."

दीर आला तो हाताची घडी घालून.

"शिंगमोडीला लगेच पुरलंस. वर चुना टाकलास. कुणाला न विचारता."

"साथ निघाली म्हटलं असतं तर दूध घेणारे दुसऱ्या दिवशी दूध बंद करणार. घर कशावर चालतं बाई? फुकाच्या दुःखावर?"

"आणि ट्रक?"

"ट्रकही त्याचसाठी. मला हौस नाही." तो गाईंकडे पाहत नव्हता. "वहिनींना वाटतं मला गोठा मोडायचाच होता. वाटू दे."

थोरलीला तसंच वाटत होतं. तिने मान फिरवली.

सासूबाई खुर्ची आणवून बसल्या. तो गोठा त्यांचा. चपला कुठे काढायच्या इथपासून काटा कुठल्या खिळ्याला टांगायचा इथपर्यंत तिथे प्रत्येक गोष्टीला त्यांचा नियम होता.

"त्या दिवशी गाईंना वैरण वेळेवर पडली होती का हो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कुठली वेळेवर. सगळे तमाशा बघायला जमलेले. भुकेनं अंथरुणातला पेंढाच खात होत्या बिचाऱ्या. मी ओरडले, पण त्या तोफेपुढे माझं कोण ऐकतंय."

मग बाई उठून घरात गेल्या आणि खिडकीशी बसलेल्या माणसासमोर उभ्या राहिल्या. थोरली मागोमाग गेली.

"त्या दिवशी तू काय ऐकलंस?"

नवरा जरा खोकला. मग डोळे मिटून म्हणाला, "तोफ सुरू झाली. आणि लगेच एकदा खट्ट झालं. दात तुटल्यासारखं. त्यानंतर नुसता घोंघाट. गोगलगायीचा तर आवाजच नाही, तिच्या बाजूला गाई रवंथ करताना ऐकू येत होत्या."

"लगेच म्हणजे? पहिल्याच गठ्ठ्याला?"

"पहिल्याच."

डॉक्टरबाई खिडकीतून गोठ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पडला होता. थोरलीने तो तसा पूर्वी एकदाच पाहिला होता, तिच्या एका गाईच्या पोटात वासरू मेलं होतं तेव्हा.

४

अंगणात सगळे उभे होते. बाई म्हणाल्या, "तोफेची धूळ कुठे जास्त बसली?"

"शेवटच्या भिंतीवर," दीर म्हणाला. "वारा तिकडेच वाहत होता. तिकडच्या गाई पांढऱ्या झाल्या होत्या."

"तिकडची एकतरी आजारी आहे?"

थोरलीने रांगेवरून नजर फिरवली. थोरलीला पहिल्यांदाच ते दिसलं. शिंगमोडी, कानफाटी, मखमल, आणि काल अर्धं खाणं टाकलेली तिच्या पलीकडची. सगळ्या दाराजवळच्या. त्यांच्यापुढे भिंतीपर्यंत सगळ्या ठणठणीत.

"धुळीनं किंवा बुरशीनं मेल्या असत्या तर आधी तिकडच्या मेल्या असत्या. पेंढ्यात विष असतं तर रांगच्या रांग पडली असती. वाईट जे काही होतं ते पहिल्याच गठ्ठ्यात होतं, आणि पहिला गठ्ठा दाराजवळ पडला. आता मखमलकडे बघा. ती पायरीवरून उतरत का नाही? उतारावर पाय टाकला की पोटातलं सगळं छातीकडे सरकतं, आणि तिला तिथे टोचतंय. म्हणून बिचारी पुढचं अंग वर करून उभी असते. कानफाटीच्या आत काय सापडेल ते मी आधी सांगते, मग उघडते. लोखंड सापडेल."

बाकीचे बाहेर थांबले. थोरली आत गेली, कारण कानफाटीचा जन्म तिच्या हातावर झाला होता आणि आता तिला एकटीला टाकणं तिच्याच्याने होईना. गाईच्या पोटाचा एक कप्पा अगदी काळजाला टेकलेला असतो, मध्ये हाताच्या तळव्याएवढंही अंतर नाही, असं बाई काम करता करता सांगत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर नखाएवढा काळा तुकडा होता.

मग त्यांनी घरातल्या बिघडलेल्या रेडिओचा कर्णा मागवला, त्याचं चुंबक काढलं, दोरीला बांधलं आणि दाराजवळच्या जुन्या अंथरुणातून फिरवलं. टक. टक. तुकडे उडी मारून चिकटत होते. पुढे भिंतीकडे एकही नाही. गोगलगायीच्या बाजूला एकही नाही.

दिराने एक तुकडा उजेडात धरला. त्याच्या एका कडेला बारीक दात होते.

"करवतीचं पातं," तो म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप कंबरेच्या पट्ट्याकडे गेला.

कारण लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं मोडायचं, एका टोकाला गोणपाटाची चिंधी गुंडाळायची आणि त्याने सुतळ्या कापायच्या, ही त्या घराचीच पद्धत. असं पातं कंबरेच्या पट्ट्यात तिघांकडे असायचं. सासूबाईंकडे, दिराकडे आणि थोरलीकडे.

"ज्याची त्याची पाती काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

५

सासूबाईंनी पदराआडून आपलं काढलं. दिराने पट्ट्यातून आपलं काढलं. थोरलीचे हात रिकामे होते.

"माझं आठवडाभर नाहीये," ती म्हणाली. "भाऊजींनी नेलं."

"मी?"

"तुम्हीच. गोठा तुम्हाला नकोच होता. यंत्र बघायला मान हलवलीत ती नाइलाजाने. आणि दोष माझ्यावर यावा म्हणून पातं माझं. तुकडे करून टाकलेत गाईंपुढे." तिला थांबता येईना. "एकदा खिडकीशी बसलेल्या भावाकडे तरी बघायचं होतं."

दिराने आपलं पातं पुन्हा पट्ट्यात खोचलं. फाटकाबाहेर ट्रकचा भोंगा वाजला. व्यापारी आला होता.

सासूबाई उठल्या. "असं घरातल्यानेच केलं असेल तर गाई कुणाच्याही दारात सुखी असतील, आपल्या नाही. फाटक उघडा."

"फाटक राहू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी माझं संपू द्या. या गृहस्थांचा अंगठा बघा."

गोगलगायवाल्याने नकळत अंगठा मुठीत लपवला.

"तो पेंढ्यानं कापलेला नाही. दाराजवळून मूठ भरताना याच तुकड्यानं कापलेला आहे. म्हणजे हे वाकण्याआधीच तुकडे तिथे होते. आणि स्वतः टाकले असते तर कुठे हात घालायचा नाही हे त्यांना कळलं असतं. तेव्हा हे सुटले. आता खट्ट आवाज. तुकडे कुणी हाताने टाकले असते तर तोफेत खट्ट कशाला वाजेल? हे तुकडे बघा, कडा चेचलेल्या, घासलेल्या. पातं अख्खं तोफेत गेलं आणि तिनं त्याचा चुरा केला. पाणी दिलेलं पोलाद वाकत नाही, काचेसारखं फुटतं."

"मग अख्खं पातं घातलं असेल यांनी," तोफवाला दिराकडे बघत म्हणाला.

"माझ्या गाईंचं वाईट करायचं असतं तर मी दहा सोप्या वाटा काढल्या असत्या," दीर म्हणाला. "आणि तोफ तर मलाच हवी होती."

"बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपल्याच यंत्राच्या पोटात कुणी पातं घालत नाही. शिवाय पहिला कुठला गठ्ठा यंत्रात जाईल हे आधी कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही. म्हणून मला वाटतं हे कुणी केलेलं नाही. हे झालेलं आहे." त्या थोरलीकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "त्या सकाळी, यंत्रं सुरू व्हायच्या आधी, कुणाला हाताने अंथरलंस का तू?"

"गाभण गाईला. ती आज-उद्या व्यायची होती."

"कुठल्या ढिगातून?"

"दाराजवळच्याच."

"तस्संच एकदा कर. मला बघू दे."

६

थोरली ढिगापाशी गेली. सगळे मागे उभे होते, व्यापारीसुद्धा फाटकातून मान आत घालून. तिला वाटलं, हा कसला खेळ. ट्रक दारात उभा आहे, मखमल कण्हते आहे, आणि ही म्हातारी मला गठ्ठा सोडायला सांगते आहे.

तिने सुरी घेतली. एक सुतळी कापली, दुसरी कापली. गठ्ठा आडवा केला. दोन्ही हात आत घालून पेंढा उसवला, झटकला, पसरला. पंचवीस वर्षांची सवय, हात आपोआप चालत होते. संपवून ती वळली.

"झालं. यात काय बघायचं होतं?"

"सुरी कुठंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

थोरलीने हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. कमरेकडे पाहिलं. जमिनीकडे पाहिलं. मग तिची नजर सावकाश ढिगाकडे गेली.

पुढच्या गठ्ठ्यात सुरी मुठीपर्यंत खोचलेली होती. स्वयंपाकघरातली होती, लाल मुठीची, म्हणून दिसत तरी होती. थोरलीच्या हरवलेल्या पात्याची मूठ गोणपाटाची, आणि गोणपाट जुनं झालं की पेंढ्याच्याच रंगाचं होतं.

ती खोचल्याचं तिला आठवत नव्हतं. आताचंही आठवत नव्हतं.

"नियमच आहे तो," सासूबाई हळूहळू म्हणाल्या. "मीच घातलेला. गठ्ठे सोडताना पातं जमिनीवर ठेवायचं नाही, खिशात ठेवायचं नाही. फार वर्षांपूर्वी जमिनीवर पडलेलं पातं एका गाईने गिळलं होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना शिकवलं, पातं पुढच्या गठ्ठ्यात खोचायचं. पुढचा गठ्ठा सोडायला हात जाईल तेव्हा ते हाताला लागणारच. कधी हरवलं नाही. इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही."

"कारण पुढचा गठ्ठाही तुमच्यातलाच कुणीतरी सोडायचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तो या तोफवाल्यांनी सोडला, आपल्या सुरीने, उलट्या बाजूने. आणि यंत्राला तुमचा नियम कुणी सांगितला नव्हता."

तोफवाला खोल श्वास घेऊन म्हणाला, "म्हणजे माझं यंत्र निर्दोष आहे."

"निर्दोष आहे. पण आंधळं आहे. पोटात काय गेलं ते कुणाला बघू देत नाही."

थोरली खाली बसली होती. शिंगमोडी. कानफाटी. कानफाटीला तिने पहिल्यांदा उभं केलं होतं याच हातांनी, आणि याच हातांनी... तिने हात पदराखाली घेतले. तिला कुणाकडेच बघवेना. दिराकडे तर मुळीच नाही.

"भाऊजी," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी जे बोलले..."

"ते राहू द्या. आधी ट्रकवाल्याला चहा द्या, वहिनी," दीर म्हणाला. त्याचाही आवाज धड नव्हता. "रिकामा जाणार आहे बिचारा."

सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात टेकून जमिनीवर बसकण मारली. त्या वयात त्या कधी जमिनीवर बसत नसत. "रीत माझी, हात तुझा," त्या म्हणाल्या. "दोष अर्धा अर्धा. एकटीने घ्यायचा हावरटपणा करू नकोस."

७

मखमलचं काय होईल ते डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं नाही. त्यांनी बोटाएवढं गुळगुळीत चुंबक तिच्या घशातून आत सोडलं. ते त्याच कप्प्यात जाऊन बसतं, लोखंड धरून ठेवतं आणि पुढे काळजाकडे जाऊ देत नाही. तुकडा अजून आतल्या आत असेल तर वाचेल, पार गेला असेल तर नाही. पुढच्या पायांखाली फळ्या घालून तिचं अंग वर ठेवलं. दाराजवळच्या सगळ्या गाईंना एकेक चुंबक गेलं. मग वाट बघणं. त्या वाट बघण्यापुढे आधीचा सगळा आठवडा थोरलीला सोपा वाटला. तेव्हा निदान रागवायला कुणीतरी होतं.

तोफ परत गेली. गोगलगाय ठेवायची असं ठरलं, पण ती कोपऱ्यावर वळत नाही हे खरंच होतं. एका सकाळी थोरली गोठ्यात आली तर दीर हातात पहार घेऊन वडिलांनी बांधलेल्या गव्हाणीच्या कोपऱ्यापाशी उभा होता. त्याने एकदा दगडांवरून हात फिरवला आणि पहिला घाव घातला.

"पट्ट्यावर पेंढा उघडा दिसतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "काही आलंच तर डोळ्यांपुढून जाईल. आणि दादाही कधीतरी..." पुढचं त्याने पहारीला बोलू दिलं.

म्हणजे ते कारण त्याला ठाऊक होतं. कदाचित पहिल्यापासून.

दाराशी सासूबाईंनी एक मोठा खिळा ठोकून घेतला होता. पाती तिथेच टांगायची, थोरलीचं नवं केलेलंसुद्धा. खिळ्यावर तिन्ही पाती दिसल्याशिवाय यंत्राचं बटण दाबायचं नाही. तरी थोरलीचा हात अजून पुढच्या गठ्ठ्याकडे जायचा, आणि मध्येच थबकायचा. खिडकीतला माणूस दर वेळी आतून विचारायचा, "पातं?" आणि ती ओरडून सांगायची, "खिळ्याला."

त्या दिवशीही त्याने विचारलं. तिने सांगितलं. कोपरा फोडायचा आवाज थांबला होता. ती दुसरा गठ्ठा ओढणार, इतक्यात खिडकीतून पुन्हा हाक आली. या वेळी आवाज वेगळा होता. तो खोकला आवरून बोलत होता.

"ऐक. हलू नकोस."

ती हलली नाही. मागे एक खूर फळीवरून उतरला. मग दुसरा. मग जरा वेळ काहीच नाही. मग उतारावरून हौदाकडे, थांबत थांबत, एकेक पाऊल.

"मखमल आहे," नवरा म्हणाला. "पाण्याला चाललीय."